जुना शॉर्टवेव्ह रेडिओ घ्यायचा आहे: इतवारीतला लाकडी सेट की एफआरजी-७?

रेशीमबागवाला | शनिवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज धागा काढतोय.

शॉर्टवेव्ह ऐकायची हौस लागली आहे. सध्या एक छोटा चायनीज पोर्टेबल आहे. त्यावर रात्री चायना रेडिओ आणि कधीमधी बीबीसीची इंग्रजी सेवा लागते. पण आकडे दाबून स्टेशन लावण्यात मजा नाही, काटा फिरवत शोधायचं आहे. म्हणून जुना सेट घ्यायचं मनात आहे. शोकेसमध्ये ठेवायला नको, रोज ऐकायला हवा. दोन ठिकाणी बोलणं चालू आहे.

पहिला इथे नागपुरात, इतवारीत, जुन्या सामानाच्या दुकानात. लाकडी कॅबिनेट, व्हॉल्व्हचा, मीडियम वेव्ह आणि दोन शॉर्टवेव्ह बँड. दुकानदार मर्फी म्हणतो, पण समोरचा बिल्ला निघालेला आहे आणि मागचं पुठ्ठंही नाही. डायलच्या काचेवर दिल्ली, लाहोर, कोलंबो, लंडन अशी नावं आहेत, ती बघूनच मी अर्धा विरघळलो. साडेसहा हजार सांगतोय. "चालू आहे, या, लावून दाखवतो" म्हणाला.

दुसरा यासू कंपनीचा एफआरजी-७ रिसीव्हर, जरीपटक्यात. एका हॅमचा (हौशी रेडिओवाल्याचा) होता. ते वारले, मुलगा विकतोय. जपानहून आणलेला आहे, काही वर्षं लावलेलाच नाही. बावीस हजार.

राहायला मनीषनगरला, सात मजली इमारतीत चौथ्या मजल्यावर. सोल्डरिंग येतं, पण व्हॉल्व्हच्या सेटला कधी हात लावलेला नाही. काय घ्यावं?

व्हॉल्व्हकाका | शनिवार, रात्री १०:१५

भाऊ, सगळ्यात पहिले त्या दुकानदाराले फोन करा आन् सांगा का बापा, प्लग लावू नको. वर्षानुवर्षं पडून असलेल्या सेटले डायरेक्ट २३० व्होल्ट दिले का आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर शॉर्ट होतात. त्यायच्यासंगं रेक्टिफायर व्हॉल्व्ह जाते, आन् नशीब फुटकं असलं तर मेन्सचा ट्रान्सफॉर्मरही जाते. "लावून दाखवतो" म्हणणाऱ्यानं किती चांगले सेट मारले असतील, त्याचा हिशेब नाही.

जाताना सिरीज बोर्ड घेऊन जा, म्हणजे सेटच्या वाटेत बल्ब येणारा बोर्ड. शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब पाहिजे त्यात, एलईडी लावून हे काम होत नाही. बल्ब पहिले भक्कन पेटते, मंग हळूहळू मंद होते, तर समजा ठीक आहे. तसाच झगझगत राहिला तर आत शॉर्ट आहे, काढा प्लग. डिमरस्टॅट (व्होल्टेज हळूहळू वाढवाचं यंत्र) असन कोणाजवळ तर अजून चांगलं.

पण त्याच्याही आधी, प्लग न लावता व्हॉल्व्हवरचे नंबर वाचा. पुसट झालेले असतात. काचेवर तोंडाची वाफ मारली का दोन सेकंद उमटतात. ईसीएच८१, ईएफ८९, ईएल८४ असे 'ई' वाले असले तर बहुतेक ट्रान्सफॉर्मरचा सेट आहे. यूसीएच८१, यूएल८४, यूवाय८५ असे 'यू' वाले असले तर तो एसी-डीसी सेट. त्यात ट्रान्सफॉर्मर नसते, सगळे फिलामेंट एका माळेत असतात, आन् चेसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, सरळ लाईनच्या एका वायरले जोडलेली असते. प्लग उलटा बसला का पूर्ण चेसिसवर फेज. मागचं पुठ्ठं नाही म्हणता ना, तेच तर वाचवणारं असते.

नॉबच्या बाजूले बारीक स्क्रूचं छिद्र असते, पाहा. एसी-डीसी सेटमध्ये कंपनी त्यात मेण भरून देत असे, बोट स्क्रूले लागू नये म्हणून. मेण नसन तर आधीच्या मेकॅनिकनं काढून तसंच सोडलं असं समजायचं.

सात_मेगाहर्ट्झ | शनिवार, रात्री १०:५०

काकांनी सुरक्षेचं सांगितलं, मी दुसऱ्या सेटबद्दल बोलतो.

एफआरजी-७ हा सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातला रिसीव्हर. अर्ध्या मेगाहर्ट्झपासून जवळजवळ ३० पर्यंत सलग सगळं ऐकतो. ट्रिपल कन्व्हर्जन (फ्रिक्वेन्सी तीनदा बदलणारा) आहे आणि आत वॅडली लूप आहे. ट्रेव्हर वॅडली या दक्षिण आफ्रिकन इंजिनिअरची ही युक्ती, रेकॉल कंपनीच्या आरए-१७ रिसीव्हरमध्ये पन्नासच्या दशकातच वापरली गेली होती. एका क्रिस्टलच्या जोरावर पहिल्या ऑसिलेटरचं सरकणं रद्द होतं, त्यामुळे स्टेशन लावलं की ते तिथेच राहतं. डिजिटल डिस्प्ले नसतानाही सात-आठ किलोहर्ट्झच्या आत फ्रिक्वेन्सी वाचता येते. तुम्हाला काटा फिरवायचा आहे ना? इथे दोन फिरवाल, एक मेगाहर्ट्झचा, एक किलोहर्ट्झचा.

बघायला गेलात की मेगाहर्ट्झचं बटण एकेका आकड्यावर न्या. लॉकचा लाल दिवा प्रत्येक ठिकाणी विझायला हवा. कुठे पेटलेलाच राहिला तर लूप लागत नाही, भाव निम्मा करा नाहीतर परत या. बँड बदलायचं बटण फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, ते कॉन्टॅक्ट क्लीनरने जातं.

आणि महत्त्वाचं: जपानहून आणलेला आहे, म्हणजे ट्रान्सफॉर्मर १०० व्होल्टवर जोडलेला असू शकतो. सोबत स्टेपडाऊन होता का ते मुलाला विचारा. मागची जोडणी बघितल्याशिवाय भिंतीत प्लग घालायचा नाही.

लाकडी सेटवर तुम्हाला आमचं बोलणं कळणार नाही हेही सांगून ठेवतो. हॅम लोक एसएसबीवर (सिंगल साईडबँड, कॅरिअर नसलेलं प्रसारण) बोलतात आणि ते उलगडणारा बीएफओ घरगुती सेटमध्ये नसतो. ७ ते ७.२ मेगाहर्ट्झवर नुसतं बदकाचं क्वॅक क्वॅक ऐकू येईल.

पुणेरी_खरखर | रविवार, सकाळी ७:३०

सगळ्यांच्या उत्साहावर पाणी टाकायला आलोय. बीबीसी हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा ३१ जानेवारी २०२० ला संपली. डॉइचे वेलेची हिंदी त्याच्याही आधी गेली, रेडिओ नेदरलँड्स २०१२ मध्ये आटोपला. आकाशवाणीचे शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर एकामागून एक बंद झाले. बावीस हजार खर्चून नक्की ऐकणार काय? ट्वेन्टे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरचा रिसीव्हर) ब्राउझरमध्ये उघडा, फुकट आहे, नेदरलँड्सची अँटेना घरबसल्या मिळते.

व्हॉल्व्हकाका | रविवार, सकाळी ८:०५

पुणेकर, तुमच्या कंप्युटरमध्ये नेदरलँड्सले जे ऐकू येते ते ऐकू येते. आम्हाले नागपुरात काय येते ते ऐकायचं आहे. आज रविवार आहे, तर्री पोहे खा आन् शांत राहा.

मीटरबँड | रविवार, सकाळी ९:२०

पुणेरी दादांचं निम्मं खरं आहे. स्टेशनं कमी झालीत, पण बँड रिकामा नाही. मी अमरावतीहून ऐकते, नागपूरला फार वेगळं नसावं.

दुपारी १९ आणि १६ मीटरचे बँड बघा, म्हणजे साधारण १५.१ ते १५.८ आणि १७.५ ते १७.९ मेगाहर्ट्झ. सूर्य डोक्यावर असताना आयनोस्फिअरचा खालचा डी थर खालच्या फ्रिक्वेन्सी गिळून टाकतो, वरच्या निसटतात आणि वरच्या एफ थरावरून परत येतात. सूर्य मावळला की डी थर जातो. मग ३१ मीटर, ४१ मीटर भरायला लागतात आणि रात्री ४९ मीटर. म्हणून दुकानात भरदुपारी ४९ मीटरवर काटा फिरवून "काहीच लागत नाही" असं म्हणू नका. सेट चांगला असला तरी लागणार नाही.

काय ऐकायला मिळतं? चायना रेडिओ इंटरनॅशनल तर कुठेही काटा ठेवा, भेटतंच. बीबीसीची इंग्रजी, जपानचं एनएचके, रोमानिया, तुर्की, कोरियाचं केबीएस, व्हॅटिकन. वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. आत्ता हिवाळ्याचं नवीन लागलं आहे, तेव्हा उन्हाळ्यात उतरवून ठेवलेली यादी असेल तर फेकून द्या. वेळा यूटीसीत असतात, त्यात साडेपाच तास मिळवायचे.

मला खरी मजा बातम्यांत येत नाही. बँडच्या कडेला, दोन जोरदार स्टेशनांच्या मध्ये, एखादी अनोळखी भाषा हळूच वर येते आणि आपण कान देऊन ओळख पटवायचा प्रयत्न करतो. स्टेशनची धून लागेपर्यंत काटा हलवायचा नाही. ब्राउझरमध्ये स्टेशनचं नाव आधीच लिहून आलेलं असतं.

कॉटनमार्केट_०७१२ | रविवार, सकाळी ११:००

एक बाळबोध प्रश्न. लायसन्स लागतं का हो याला? आमच्या घरी आजोबांचं रेडिओचं एक पुस्तक आहे, आत पोस्टाची तिकिटं चिकटवलेली.

सात_मेगाहर्ट्झ | रविवार, सकाळी ११:२५

ते ऐकण्याचं लायसन्स. दरवर्षी पोस्टात जाऊन भरावं लागायचं. ऐंशीच्या दशकात ते गेलं. पुस्तक जपून ठेवा, हल्ली संग्राहक सेटपेक्षा त्याच्याच मागे लागतात.

रेशीमबागवाले, जरीपटक्यातल्या घरी त्या हॅमचा ट्रान्समीटर किंवा ट्रान्सीव्हर पण पडला असेल आणि मुलगा "हाही घेऊन जा" म्हणेल. तो घेऊ नका. तो बाळगायला परवाना लागतो. एखाद्या परवानाधारक हॅमशी त्यांची गाठ घालून द्या, मला व्यक्तिगत निरोप (व्यनि) केलात तरी चालेल.

रेशीमबागवाला | रविवार, रात्री ८:४०

आज दोन्हीकडे जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, विशेषतः काकांचे.

इतवारी: दुकानदाराला प्लग लावू दिला नाही, तो जरा घुश्श्यात होता. टॉर्च घेऊन मागून आत बघितलं. वाफेची युक्ती भन्नाट आहे. यूसीएच८१ वाचता आलं, यूएल८४ पण. म्हणजे एसी-डीसी. एका नॉबच्या छिद्रात मेण आहे, तिघांत नाही. चेसिसवर धूळ भरपूर, एका कोपऱ्यात उंदराने कागद कुरतडून ठेवलेत आणि तिथला पत्रा हिरवट-पांढरा झालाय. डायलची दोरी तुटलेली, म्हणून बटण फिरतं पण काटा हलत नाही. पण आत नवीन काहीच दिसलं नाही. मेणाचे कंडेन्सर सगळे जुनेच वाटले. आधी कोणी दुरुस्त केलेला नाही म्हणजे वाईट का?

जरीपटका: सेट स्वच्छ आहे, कव्हर घालून ठेवला होता. स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर सोबतच मिळाला, म्हणजे १०० व्होल्टचाच. मुलाने सांगितलं की बाबा पुष्कळदा तो सेलवर चालवायचे. मागे सेलचा कप्पा खरंच आहे आणि स्प्रिंग गंजलेल्या नाहीत. विजेवर लावून बघितलं नाही, पुढच्या वेळी सेल घेऊन जातो.

व्हॉल्व्हकाका | रविवार, रात्री ९:३०

कोणी हात लावला नाही हे सगळ्यात चांगलं! बिघडलेला सेट दुरुस्त होते, "दुरुस्त केलेला" होत नाही. आजकाल तं लोकं कॅबिनेट तेवढं ठेवतात, आत ब्लूटूथ आन् एफएमचं किट बसवतात, डायलमागं पिवळी एलईडी लावतात आन् अँटिक म्हणून विकतात. ओळखाचं सोपं आहे. बटण दाबल्याबरोबर आवाज आला तर व्हॉल्व्ह नाहीत. व्हॉल्व्हले तापाले वीस-तीस सेकंद लागतात.

आता त्या सेटमध्ये काय करावं लागन ते सांगतो, मंग तुम्हीच ठरवा. इलेक्ट्रोलिटिक बदलायचे. मेणाचे कागदी कंडेन्सर सगळे बदलायचे. त्यातही एक असा आहे का तो बदलल्याशिवाय सेट चालूच करायचा नाही, तो म्हणजे आऊटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर येणारा कपलिंग कंडेन्सर. हा जरासा जरी लीक झाला तर मागच्या व्हॉल्व्हचे प्लस व्होल्ट ग्रिडवर येतात. व्हॉल्व्ह मंग बेफाम करंट ओढते, लालबुंद होते, आन् जाता जाता ओपीटी (आऊटपुट ट्रान्सफॉर्मर) जाळून जाते. ०.०१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा पॉलिस्टर घ्या, चणेफुटाण्याच्या भावात भेटते. टाकल्यावर मीटर लावून पाहा, ग्रिडवर प्लस दिसलं नाही पाहिजे.

ओपीटी आन् आयएफटी (मधल्या फ्रिक्वेन्सीचा ट्रान्सफॉर्मर) हे दोन चांगले असले तर सेट जगला. व्हॉल्व्ह अजूनही भेटतात. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बंगलोरले व्हॉल्व्ह बनवले होते, त्यायचे जुने डबे कोणाकोणाजवळ पडले आहेत. 'ई' वाले लवकर भेटतात, 'यू' वाले शोधावे लागतात.

उंदराच्या मुतानं पत्रा गेला तो घासून निघन. पण ते पाणी गँगच्या (ट्यूनिंग कंडेन्सरच्या) पानांवर किंवा बँडस्विचवर गेलं असन तर कठीण. बँडस्विचची वेफर (कॉन्टॅक्टची चकती) पाहिली का तुम्ही?

रेशीमबागवाला | रविवार, रात्री ९:४८

बँडस्विच उलट्या कोपऱ्यात आहे, तिकडे धूळच होती. गँग मोकळी फिरते, पानं एकमेकांना घासत नाहीत.

लाकूडकाम | रविवार, रात्री १०:१०

कॅबिनेटचा फोटो टाका. व्हिनियर सुटलंय का ते आपल्याकडे आधी बघायचं. मे महिन्याच्या ४५-४६ डिग्रीत लाकूड आक्रसतं, पावसाळ्यात फुगतं, आणि कोपऱ्यातून पापुद्रे निघतात. ते सरसाने बसतं. फक्त चकचकीत दिसावं म्हणून वर पीयू (पॉलियुरेथेन) मारू नका. लाखेचं पॉलिश, कापडाच्या बोळ्याने, पातळ हात. स्पीकरसमोरचं कापड धुवायला काढू नका, हातात चिंध्या येतील.

पुणेरी_खरखर | सोमवार, सकाळी १०:०५

मुद्द्याचं बोलू का? तुम्ही सगळे सेटबद्दल बोलताय आणि हा माणूस चौथ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहतो. एलईडी दिवे, वायफाय, शेजाऱ्याचा इन्व्हर्टर, गच्चीवर सोलर. या गोंगाटात एफआरजी-७ काय आणि मर्फी काय, दोघांनाही तोच भुणभुणाट ऐकू येणार.

सात_मेगाहर्ट्झ | सोमवार, दुपारी १:१५

पहिल्यांदाच पुण्याशी पूर्ण सहमत. नोंद घ्यावी.

सेट घ्यायच्या आधी हे करा. तुमचा चायनीज पोर्टेबल सेलवर चालू करा, ३१ मीटरवर एखादी रिकामी जागा लावा आणि घराचा मेन एमसीबी खाली पाडा. खरखर एकदम खाली गेली तर गोंगाट तुमच्याच घरातला आहे, एकेक वस्तू चालू करत चोर पकडता येतो. बहुतेक वेळा एखादा स्वस्त चार्जर किंवा एलईडीचा ड्रायव्हर निघतो. काहीच फरक पडला नाही तर गोंगाट बाहेरून येतोय. मग तोच रेडिओ घेऊन गच्चीवर जा. तिथे शांत असेल तर अँटेना गच्चीवर आणि कोॲक्स केबलने खाली. तिथेही तसाच असेल तर खिडकीत एक मीटर व्यासाचा लूप अँटेना. तो फिरवला की गोंगाटाची दिशा गाळता येते.

सोलरवाल्यांचा त्रास दिवसा, सूर्य गेला की तो इन्व्हर्टर झोपतो. हा एक फायदा.

मीटरबँड | सोमवार, दुपारी २:००

आणि लाईट गेली की सगळं सोडून रेडिओपाशी पळायचं. आमच्याकडे भारनियमनाच्या काळात मी सगळ्यात लांबची स्टेशनं ऐकली आहेत. गल्लीभर अंधार, आणि बँड स्वच्छ धुतल्यासारखा. एफआरजी-७ सेलवर चालतो याचं महत्त्व तेव्हा कळतं. एसी-डीसी व्हॉल्व्ह सेट तेव्हा मुका.

व्हॉल्व्हकाका | सोमवार, सायंकाळी ६:२०

जुन्या काळी हा गोंगाटच नव्हता, म्हणून तं घरातल्या घरात तांब्याच्या जाळीची पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली का रेडिओ सिलोन लागे. ४१ मीटरवर. आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या गल्लीत बुधवारी रात्री आठ वाजता बाहेर उभं राह्यलं का एका घरातून गाणं सुरू, दुसऱ्या घरातून तेच गाणं. १९५२ मध्ये केसकर माहिती-प्रसारण मंत्री झाले, आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी गेली, आन् त्याच वर्षी सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. लोकं दुकानात येऊन विचारत, "शॉर्टवेव्ह आहे ना याच्यात?" मीडियम वेव्हचा सेट कोणी घेईना. विविध भारती आली १९५७ ले, तोवर सगळ्यायच्या घरी सिलोन जाऊन बसलं होतं.

कामठीकर | सोमवार, सायंकाळी ७:०५

काका, आपल्या बुटीबोरीच्या ट्रान्समीटरचं पण सांगा ना. १५६६ किलोहर्ट्झ, १००० किलोवॅट. १९८८ पासून रात्रीची राष्ट्रीय प्रसारण सेवा तिथून जायची, २०१८ च्या शेवटी बंद झाली. मीडियम वेव्ह असूनही हिवाळ्यात युरोपातले हौशी लोक ते पकडायचे. आपण दुसऱ्यांची दूरची स्टेशनं शोधतो, त्यांच्यासाठी नागपूर हेच दूरचं स्टेशन होतं.

रेशीमबागवाले, तार टाकाल तर पावसाळ्यात तिचं टोक सेटमधून काढून खिडकीबाहेर ठेवायचं. वळवाच्या विजा काय करतात ते विदर्भात सांगायला नको. लाईटनिंग अरेस्टरवर भरवसा ठेवून झोपू नका.

सात_मेगाहर्ट्झ | सोमवार, रात्री ८:३०

स्थानिक मुद्दा आलाच आहे तर एक. आकाशवाणी नागपूरचं ५८५ किलोहर्ट्झ शहरात इतकं जोरदार येतं, की दुकानदार तेच लावून "बघा, किती क्लिअर!" म्हणतो. त्यावरून सेटची परीक्षा होत नाही, ते कशावरही लागतं. परीक्षा शॉर्टवेव्हवरच घ्यायची, आणि शेजारी आपला पोर्टेबल ठेवून. पोर्टेबलवर स्टेशन आहे आणि या सेटवर नाही, तर दोष सेटचा.

लांब तार लावल्यावर ५८५ शॉर्टवेव्हमध्ये घुसायला लागलं तर अँटेनाच्या वाटेत हायपास (खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा) फिल्टर टाका.

लाकडी सेटवर एकच स्टेशन दोन ठिकाणी लागलं तर आनंदून जाऊ नका. आयएफ (मधली फ्रिक्वेन्सी) ४५५ किलोहर्ट्झ असलेल्या साध्या सेटमध्ये खऱ्या जागेच्या ९१० किलोहर्ट्झ खाली त्याची सावली दिसते. ९.९ वरचं जोरदार स्टेशन ९ मेगाहर्ट्झच्या आसपासही भेटेल.

रेशीमबागवाला | बुधवार, रात्री १०:५५

आज सेल घेऊन जरीपटक्यात गेलो. मेगाहर्ट्झचं बटण शून्यापासून शेवटपर्यंत फिरवलं, लॉकचा दिवा सगळीकडे विझला. फक्त २८-२९ ला फार हळुवार फिरवावं लागलं. त्यांच्या बाल्कनीतून पाच मीटर वायर लोंबकळत सोडली. संध्याकाळचे साडेसात. १० मेगाहर्ट्झवर चीनच्या बीपीएम वेळकेंद्राचे टिक टिक टोले आले, किलोहर्ट्झचा काटा शून्याच्या केसभर उजवीकडे. ३१ मीटरवर एक स्टेशन इतकं स्थिर बसलं की मी मुलाशी भावाची घासाघीस करत राहिलो आणि ते जागचं हललं नाही. ४० मीटरवर एसएसबी लावून दोन हॅमचं बोलणं ऐकलं, एक जण गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल सांगत होता.

एकोणीस हजारांत ठरलं. सेट घरी आहे. स्टेपडाऊन, मूळ मॅन्युअल आणि त्यांच्या हाताने लिहिलेली लॉगची वही, तीही मुलाने दिली.

एमसीबी पाडून बघितला: चोर देवघरातल्या एलईडी माळेचा ॲडॅप्टर. आई माळ काढू देणार नाही, पण ॲडॅप्टर बदलायला परवानगी मिळाली आहे. गच्चीचं सोसायटीच्या मीटिंगमध्ये येईल, तोवर खिडकीतला लूप. त्यासाठी कोणती वायर घेऊ?

इतवारीच्या सेटला नाही म्हणालो. मन खट्टू झालं, पण लाईव्ह चेसिसवर शिकाऊ हात चालवायची हिंमत नाही आणि घरात लहान मूल आहे.

मीटरबँड | बुधवार, रात्री ११:२०

अभिनंदन! लूपला कोॲक्सची वरची जाळी वापरा नाहीतर प्लंबरकडची तांब्याची नळी, जितकं जाड तितकं बरं. ट्यूनिंगला जुन्या सेटमधली गँग चालते. आज रात्रीच ४९ मीटर फिरवून बघा, लूपशिवायसुद्धा.

रिसेप्शन रिपोर्ट पाठवायचे असतील तर पहिल्या दिवसापासून सिनपो लिहायची सवय लावा: सिग्नल, इतर स्टेशनांचा अडथळा, खरखर, प्रसरण आणि एकूण, प्रत्येकी १ ते ५. "छान ऐकू आलं" एवढ्यावर स्टेशनकडून पोचपावतीचं क्यूएसएल कार्ड येत नाही. कार्यक्रमात काय होतं ते वेळेसकट लिहावं लागतं.

पुणेरी_खरखर | गुरुवार, सकाळी ८:१५

एकोणीस हजार योग्य आहेत. (हे माझ्याकडून कौतुक समजावं.) मॅन्युअलमधल्या सर्किटचा स्कॅन इथे टाकाल का? माझ्या एका मित्राला हवा आहे. मित्रालाच.

सात_मेगाहर्ट्झ | गुरुवार, सकाळी ९:००

मित्राला सांगा, आम्ही ओळखलं.

रेशीमबागवाले, १०० व्होल्टची जोडणी घाईने बदलू नका. सर्किटमध्ये ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचे टॅप दिलेले असतील, ते बघून २३४ व्होल्टच्या आसपासचा असेल तर करू. माझ्याकडे घेऊन या, मी रविवारी मोकळा आहे. तोवर स्टेपडाऊन किंवा सेल. ऐकून झालं की सेल काढून ठेवायचे, आत गळले तर रडाल.

व्हॉल्व्हकाका | गुरुवार, दुपारी १२:३०

तो इतवारीवाला सेट मी घेऊन आलो. चार हजार आठशेले दिला, दुकानदार म्हणे "तुमच्या त्या टॉर्चवाल्या पोट्ट्यानं माझं गिऱ्हाईक पळवलं." ओपीटी मोजला, प्रायमरी शाबूत आहे. आयएफटीही शाबूत. बँडस्विच घाण होता, साफ झाला. मर्फी आहे का नाही ते चेसिसवरच्या शिक्क्यावरून पाहतो.

यूसीएच८१ ची एमिशन मात्र गेली आहे, म्हणजे व्हॉल्व्ह थकलं आहे. कोणाजवळ भारत इलेक्ट्रॉनिक्सचा किंवा फिलिप्सचा चांगला असन तर कळवा, पैसे देतो, नाहीतर त्याच्या बदल्यात दोन ईएल८४ देतो. आन् गँग जोडलेलं एक मोडकं चेसिस पडलं आहे माझ्याजवळ, लूपसाठी ज्याले पाहिजे त्यानं महालात येऊन घेऊन जावं.